एकवीस दिवसांचं पाणी

नवसाबाईच्या हातून आयुष्यात एकच बाग बिघडली, आणि ती नेमकी सुनेची होती. बिघडवली तीही अगदी जीव लावून. बागेवर तिचा राग असता तर बाग वाचली असती.

दिंडोरीहून वणीकडे निघालं की डाव्या हाताला तिची चार एकर लागते. नवरा गेल्यावर चौदा वर्षं ती तिने एकटीच्या बळावर पिकवली. छाटणी असो, विरळणी असो, घड औषधात बुडवणं असो, दुसऱ्याच्या डोळ्यांवर तिने कधी विश्वास टाकला नाही. मण्याची जाडी मोजायला बागायतदार खिशात प्लास्टिकची रिंग ठेवतात. नवसाबाई नुसता अंगठा आणि बोट मण्याला लावून सांगायची, "सतरा हाय. अठराला अजून चार दिवस." नवा व्यापारी हसत हसत रिंग काढायचा, लावून बघायचा आणि हसायचं थांबायचा. आजूबाजूच्या गावांतली माणसं बाग अडली की तिच्या ओट्यावर येऊन बसायची. तिला ते आवडायचं. का नाही आवडणार? एवढं नाव काही फुकट निघत नाही.

मनीषा तिची सून, ओमची बायको. ओम पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होता आणि सीझनमध्ये घरी फक्त झोपायला यायचा, त्यामुळे या गोष्टीत त्याला फारसं काम नाही. मनीषाने वाईन बनवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, आणि चार किलोमीटरवरच्या एका लहानशा वायनरीत ती मालकांच्या हाताखाली काम करायची. तीन वर्षांपूर्वी तिने सासूकडे एक एकर मागितली. शेनिन नावाची पांढरी जात लावायची होती, फक्त वाईनसाठी. नवसाबाईने दुसरा प्रश्न न विचारता एकर देऊन टाकली. "सून दारूची द्राक्षं लावते म्हणे," असं गावात कुणी म्हणालं, तर नवसाबाई त्याला तिथल्या तिथे विचारायची, "तुझी बेदाण्याची, तिची वाईनची. तुला कुठं टोचतंय?"

यंदा वायनरीचे मालक ज्ञानेशराव मनीषाला म्हणाले, की तुझ्या एकरातली द्राक्षं वेगळ्या टाकीत घे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाईन तूच कर. जमलं, तर पुढच्या सीझनपासून पांढऱ्या वाईनची सगळी जबाबदारी तुझ्याकडे. त्या संध्याकाळी मनीषा घरी आली ती दारातच नवसाबाईच्या गळ्यात पडली. नवसाबाईला लेक नव्हती. त्याचं मनाला लागून राहायचं ते त्या दिवसापासून राहिलं नाही.

डिसेंबर संपता संपता शेनिनच्या मण्यांत पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडून गोडीला लागले, आणि मनीषाने त्या एकराचं ठिबक बंद केलं.

"अगं, आत्ताच तर पाणी पायजे," नवसाबाई म्हणाली. "मणी फुगायचा टाईम हाय हा."

"फुगवायचाच नाहीये, आई. मणी लहान राहिला की रस दाट होतो. वेलीला थोडी तहान लागू द्यायची."

"तहानलेल्या गायीनं जास्त दूध दिल्यालं मी तरी नाय बघितलं."

"जास्त नकोच आहे. दाट हवंय," मनीषा हसत म्हणाली आणि कामाला निघून गेली.

नवसाबाईला काही ते पटलं नव्हतं. बांधाच्या या बाजूला तिच्या खायच्या थॉमसन द्राक्षांचे घड दिवसागणिक भरत होते, आणि त्या बाजूला दुपार झाली की सुनेच्या वेलींची पानं माना टाकायची. रस्त्यावरून जाणारा येणारा बघायचा. तीन दिवस तिने तिकडे पाठ करून काम केलं. चौथ्या दिवशी बाराला लाईट आली, तशी तिने मोटर चालू केली आणि शेनिनच्या ठिबकचा कॉक उघडला. अर्धाच तास. संध्याकाळपर्यंत पानं ताठ झाली, आणि तापातल्या लेकराने पेज प्यावी तसं तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाऊण तास. मग तास. बुंध्यांशी उसाचं पाचट अंथरलेलं होतं, त्याखालची ओल वरून कुणाला दिसणार? असं एकवीस दिवस चाललं. यात लबाडी आहे असं तिच्या मनातही आलं नाही. तोडणीला भरलेली बाग बघून पोरगी आपण होऊन म्हणेल, आई, तुमचंच खरं होतं, आणि मग आपण हसून सगळं सांगून टाकू, असा तिचा बेत होता. बेत झकास होता. फक्त द्राक्षांना तो ठाऊक नव्हता.

मनीषा दर दोन दिवसांनी सकाळी मणी तोडून त्यांतली साखर मोजायची. मणी मोठे होत होते, साखर सोळा-सतराच्या वर सरकत नव्हती. तिने यंत्र धुतलं, वायनरीतून दुसरं आणलं, ओळी बदलून मणी घेतले. आकडा तोच. एका सकाळी तिने एक मणी तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला आणि म्हणाली, "आई, हा पाणचट लागतोय. कुणी पाणी ओतल्यासारखा."

सांगायची वेळ तीच होती. पण नवसाबाईच्या तोंडातून निघालं, "थंडी लय पडली ना यंदा."

"थंडीने असं होत नाही," मनीषा पुटपुटली. मग स्वतःशीच म्हणाली, "की होतं? मलाच कळत नसेल."

त्या दिवशी नवसाबाईने कॉक बंद केला तो कायमचा. पण मण्यांत गेलेलं पाणी काही परत काढता येत नाही. मनीषाने तोडणी पुढे ढकलली, आणखी ढकलली, आणि शेवटी फेब्रुवारीच्या सुरुवातीला अठरावर तोडली. तिला बावीस हवी होती.

रस टाकीत गेला आणि मनीषा बोलायची बंद झाली. तशी ती सगळं करायची, कामावर जायची, घरात हात लावायची, पण काहीही चाखलं की थबकायची. साधी वांग्याची भाजी असली तरी पळी पुढे करायची. "आई, मीठ बघा ना. मला काही कळत नाही." आणि नवसाबाई चाखून सांगायची, "बरोबर हाय," किंवा "चिमूटभर टाक." ज्या पोरीने ओल्या पाचटाखालचं पाणी जिभेवर ओळखलं होतं, ती आता मिठासाठी सासूचं तोंड बघत होती. नवसाबाईला घास गोड लागेना.

रंगपंचमीला आठ दिवस होते. नवसाबाई भाकरी थापत होती, मनीषा लसूण सोलत बसली होती.

"पंचमीला सुट्टी आहे, तर साहेब येणार आहेत वाईन चाखायला," ती म्हणाली. "मी त्यांना सांगून टाकणार आहे."

"काय?"

"की मला टाकी देऊ नका. लॅबमध्ये नमुने तपासीन, बाटल्यांच्या नोंदी ठेवीन. ज्याला मणी चाखून कळत नाही त्याने वाईनच्या नादी लागू नये."

तव्यावरची भाकरी करपली तरी नवसाबाईचा हात पुढे झाला नाही. शब्द अगदी दातांपर्यंत आले. पण दुसऱ्याच दिवशी जानोरीचे दोघं जण बागेचं विचारायला आले, ओट्यावर बसले, "नवसामावशी, तुम्ही सांगाल ती पूर्व दिशा," म्हणाले, आणि आलेले शब्द तिने चहाबरोबर गिळले. खरं सांगायचं तर तिला दोन्ही गोष्टींची भीती वाटत होती. नाव जाईल याची, आणि पोरगी पुन्हा कधी गळ्यात पडणार नाही याची. नुसतीच पोरीची भीती असती तर बाईला माफ करता आलं असतं. नावाची भीती थोडी जास्त होती, हे तिचं तिला कळत होतं आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

पंचमीचा दिवस उजाडला. फाल्गुनातली हवा, पहाटे गोधडी लागते आणि अकराला सावली. बांधावरच्या आंब्याच्या मोहोराआडून मिरीएवढ्या कैऱ्या डोकावत होत्या, करंजाला पोपटी पालवी फुटली होती, आणि तोडणी झालेल्या बागा अंग मोकळं करून पडल्या होत्या. ओम सकाळीच मित्रांबरोबर नाशिकला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारायला गेला होता. म्हणजे पुढचे चार दिवस नवरा गुलाबी असणार, हे मनीषाने गृहीतच धरलं होतं.

ज्ञानेशरावांची एक पद्धत होती. नवी वाईन ते वायनरीत बसून चाखायचे नाहीत. टाकीतून एक बाटली काढायची, गार करायची, आणि ज्या बागेतली द्राक्षं त्याच बागेत जाऊन उघडायची. जमिनीसमोर बसलं की वाईनला खोटं बोलता येत नाही, असं ते म्हणायचे. दुपारी चारच्या सुमाराला ते आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या मिशीला हिरवा रंग लागला होता आणि तो त्यांना ठाऊक नव्हता. कुणी सांगितलंही नाही.

करंजाखाली खाट टाकली होती. मनीषाने बाटली उघडली, दोन ग्लास भरले. फिकट पिवळी वाईन, कडेला किंचित हिरवट झाक. ज्ञानेशरावांनी ग्लास उन्हात धरला, वास घेतला, घोट घेतला आणि बांधापलीकडे बघत राहिले. ते असेच होते, चेहऱ्यावरून काही सांगायचे नाहीत.

"मलाबी द्या थोडी," नवसाबाई म्हणाली.

मनीषाने चमकून बघितलं. तिच्या सासूने आजवर वाईनचा थेंब चाखला नव्हता, कुणी आग्रहही केला नव्हता. तिने तिसरा ग्लास अर्धा भरून दिला. आपल्या हाताने जे बिघडलं ते एकदा आपल्या तोंडाने बघावं, एवढंच नवसाबाईच्या मनात होतं. तिने श्वास रोखून घोट घेतला. काढ्यासारखं काहीतरी येईल अशी तिची तयारी होती. आधी आंबट लागली, कैरीची फोड चावावी तशी. मग पिकायला आलेल्या पेरूचा वास नाकात चढला. घशाला जाळ नाही, कडवटपणा नाही. उन्हातून आलेल्या माणसाला द्यावी अशी ती गार, हलकी चीज होती. नवसाबाईने दुसरा घोट घेतला, आणि या वेळी श्वास रोखला नाही.

"साहेब," मनीषा उभ्यानेच म्हणाली, "तुम्ही काही बोलायच्या आधी मला सांगायचंय. वाईन पातळ झाली आहे. तोडणी चुकली, साखर चुकली. मला मणी कळलेच नाहीत. पुढच्या सीझनला तुम्ही दुसरं कुणी..."

"तिला कळलं व्हतं," नवसाबाई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. ग्लास तिने खाटेवर ठेवला, पदर नीट केला, आणि पंचायतीपुढे उभी राहिल्यासारखी उभी राहिली.

"हिनं पाणी तोडलं व्हतं. मी चोरून दिलं. ही कामावर गेली की कॉक उघडायचे. एकवीस दिवस. पाचटाखाली ओल दिसली नाय हिला. तरी हिनं मणी चाखून सांगितलं, की पाणी ओतल्यावानी लागतंय. आन मी म्हणाले थंडी पडली." तिने सुनेकडे हात केला. "तिची जीभ बरोबर व्हती, साहेब. खोटं मी बोलले."

मनीषाचा चेहरा पांढरा पडला होता.

ज्ञानेशरावांनी ग्लासातलं उरलेलं संपवलं. "मनीषा, साखर कमी होती तर वरून घातलीस का?"

"नाही."

"का नाही घातलीस?"

"मग ती या द्राक्षांची राहिली नसती," मनीषा कशीबशी म्हणाली. "पातळ आहेत, तर पातळच पण स्वच्छ करावी म्हटलं. टाकी थंड ठेवली, हळू आंबू दिली. बाकी काही हातात नव्हतं."

"तेवढंच हातात असतं," ज्ञानेशराव म्हणाले. "भारी वाईन म्हणून ही नाही विकता येणार. पण उन्हाळा तोंडावर आलाय, आणि मला स्वतःला ही अजून एक ग्लास प्यावीशी वाटते आहे. ही आधी बाटलीत भरू. पांढऱ्या वाईनच्या टाक्या पुढच्या सीझनला तुझ्याकडे." मग ते उठले आणि नवसाबाईकडे वळले. "आणि मावशी, कॉकची चावी असते का हो? असली तर सुनेच्या कमरेला बांधा."

ते गेले. त्यांच्या गाडीची धूळ खाली बसली तरी दोघी तिथेच होत्या, मनीषा उभी, नवसाबाई खाटेच्या कडेला टेकलेली.

"दोन महिने," मनीषा म्हणाली. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "दोन महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते. रोज तुमच्यासमोर बसत होते. तुम्हाला मीठ विचारत होते, आई. आणि तुम्ही मीठ सांगत होतात."

"व्हय," नवसाबाई म्हणाली. तिने खाटेवरचा ग्लास बाजूला सरकवला. "पाणी दिलं ते मायेनं दिलं. गप्प बसले ते मायेनं नाय. माझं नाव मला मोठं वाटलं. तुझ्यापरीस."

मनीषाने डोळे पुसले. मनगटाने, लहान मुलं पुसतात तसे. "आज मला तुमच्याशी नीट बोलता येणार नाही."

"नको बोलू."

"उद्याही कदाचित नाही."

"बरं."

मनीषाने बाटली उचलली, दोघींचे ग्लास भरले आणि एक सासूच्या हातात दिला. मग ती खाटेवर बसली, मध्ये हातभर जागा ठेवून. ऊन उतरलं होतं. बागेवरून वारा आला की करंजाची नवी पानं चमकायची. दोघी न बोलता पीत होत्या, आणि खरं सांगायचं तर न बोलता प्यायला ती वाईन फार चांगली होती.

तेवढ्यात बांधावरून शेजारच्या मळ्यातली कुसाबाई शेळ्या घेऊन आली. सासूसुना हातात ग्लास घेऊन बसल्यात म्हटल्यावर तिचे पाय आपोआप थांबले.

"काय गं नवसा, काय पिताय?"

"सुनेची वाईन," नवसाबाई म्हणाली. "बाग मी बिघडवली व्हती, तरी तिनं अशी केली."

"तू? तू बाग बिघडवली?" कुसाबाईने पदर तोंडाला लावला. "चढली वाटतं तुला."

"चढली नाय. तिनं पाणी तोडलं व्हतं, मी एकवीस दिवस चोरून दिलं. साखर बसली नाय. खुशाल सांग कुणालाबी."

कुसाबाईने एकदा सासूकडे, एकदा सुनेकडे बघितलं, आणि शेळ्यांना हाकत अशी लगबगीने निघाली, की दिवेलागणीपर्यंत ही बातमी सगळ्या शिवारात पोचणार याची खात्रीच पटावी. मनीषा तिच्या पाठीकडे बघत राहिली.

"हे कशाला सांगितलंत? आता कोण येणार तुम्हाला बाग विचारायला?"

"नाय येणार तर नाय येणार." नवसाबाईचा आवाज नेहमीइतका ठाम नव्हता. चौदा वर्षांचं नाव शेळ्यांमागे चालत निघालं होतं आणि ते तिला दिसत होतं. तरी तिने मनीषाकडे बघितलं. "गावानं तुला नावं ठेवायच्या आधी त्यांना कळलेलं बरं."

नकळत, सवयीने, मनीषाने ग्लास पुढे केला. "आई, सांगा ना. कशी लागते?"

"मला नको विचारू," नवसाबाई म्हणाली. "तू सांग."

मनीषाचा हात तसाच राहिला. मग तिने ग्लास मागे घेतला, डोळे मिटले, एक घोट तोंडात धरला आणि सावकाश गिळला.

"चांगली झालीये," ती म्हणाली, आणि या वेळी तिने कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.